विश्लेषण : वाफेच्या इंजिनासाठी परदेशी पर्यटक भारतात का येतात?

गळ्यात कॅमेरे, खांद्याला तिपाई, हातात इंजिनांच्या क्रमांकांची वही आणि वय बहुधा साठीच्या पुढचे. असा वीस-पंचवीस परदेशी पर्यटकांचा गट शिमला किंवा दार्जिलिंगच्या फलाटावर पर्यटन हंगामात अधूनमधून दिसतो. ताजमहाल त्यांच्याही यादीत असतो, पण वाटेत लागतो म्हणून. ते सातासमुद्रापलीकडून आलेले असतात ते कोळशावर चालणाऱ्या इंजिनांसाठी. आपल्याकडे भंगारात गेलेली ही इंजिने पाहायला कोणी पैसे मोजून का येते आणि या पर्यटनावर नेमके काय टिकून आहे, याचा हा आढावा.

ही सहल असते तरी कशी?

ब्रिटनसह युरोपातील काही पर्यटन कंपन्या ‘एस्कॉर्टेड’ म्हणजे पूर्णवेळ सोबत असणाऱ्या सहलप्रमुखासह रेल्वे सहली काढतात. हा सहलप्रमुख स्वतः रेल्वेवेडा असतो. सहलीचा साचा ठरलेला असतो. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, हरियाणातील रेवाडीची लोको शेड, कालका-शिमला, आग्रा, मग पूर्वेला दार्जिलिंग आणि वेळ व पैसा असेल तर दक्षिणेत निलगिरी. दोन-तीन आठवडे सहज जातात.

पण सामान्य सहलीपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे ‘चार्टर’. गट स्वतःसाठी वाफेचे इंजिन आणि दोन-चार डबे भाड्याने घेतो. शिमला ते कैथलीघाट या २२ किलोमीटरच्या टप्प्यावर अशा फेऱ्या अनेकदा झाल्या आहेत. त्यासाठी वापरले जाणारे ‘केसी-५२०’ हे इंजिन ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधले. चार्टर गाडीत ‘रन पास्ट’ नावाचा एक प्रकार असतो. एखाद्या वळणावर किंवा पुलाजवळ सगळे खाली उतरतात, गाडी रिकामी मागे जाते आणि मग शिटी मारत, धूर सोडत त्यांच्यासमोरून पुन्हा धावते. फोटो नीट आला नाही तर आणखी एकदा. बघ्यांना हा पोरखेळ वाटतो. ज्याने यासाठी वर्षभर पैसे साठवले, त्याच्यासाठी सहलीचा कळस तोच.

त्यासाठी भारतच का?

कारण आपण उशीर केला. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने ऑगस्ट १९६८ मध्ये गेली, पश्चिम जर्मनीत १९७७ मध्ये. भारतात तेव्हा ती जोरात होती. चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बांधले, त्याचे नावच ‘अंतिम सितारा’. मीटरगेजची इंजिने तर १९७२ पर्यंत तयार होत होती. म्हणजे ब्रिटनने शेवटचे इंजिन विझवले, त्यानंतरही आपण नवी पेटवत होतो. साहजिकच सत्तर-ऐंशीच्या दशकात तिकडच्या शौकिनांसाठी भारत ही पंढरी झाली. दिल्लीचे रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उभे राहिले, त्यातही मायकेल सॅटो या ब्रिटिश शौकिनाचा मोठा वाटा होता.

पुढची घसरण मात्र झपाट्याने झाली. रेल्वेकडे १९८०-८१ मध्ये ७,४६९ वाफेची इंजिने होती. १९९०-९१ मध्ये २,९१५ उरली आणि २०००-०१ मध्ये अवघी ५४. ब्रॉडगेजवरील शेवटची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात फिरोजपूर-जालंधर मार्गावर धावली.

कारणे रास्त होती. वाफेचे इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी फारच थोडी प्रत्यक्ष ओढण्यासाठी वापरते, पाणी बेसुमार पिते आणि धावण्यापेक्षा जास्त वेळ शेडमध्ये काढते. फायरमनच्या कामाचे हाल वेगळेच. त्यामुळे ‘जुने ते सोने’ म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. रेल्वेने डिझेल आणि विजेकडे वळणे योग्यच होते. प्रश्न फक्त एवढाच, की नमुन्यादाखल ठेवलेली इंजिने जिवंत ठेवायची की चौथऱ्यावर.

रेवाडीला एवढे महत्त्व का?

दिल्लीजवळची रेवाडीची शेड १८९३ ची. देशातील वाफेच्या इंजिनांच्या शेड एकेक करून बंद झाल्या, ही मात्र दुरुस्त होऊन वारसा संग्रहालय म्हणून टिकली. इथली इंजिने शोभेची नाहीत, त्यातली काही पेटवली जातात. ‘डब्ल्यूपी’ वर्गातील, टोकदार नाकाचे ‘आझाद’ हे १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने बांधलेले. त्याच वर्गातले ‘अकबर’ १९६५ चे, चित्तरंजनचे. अकबर अनेकांनी नकळत पाहिलेला आहे, कारण हिंदी चित्रपटात जुनी आगगाडी लागली की निर्माते रेवाडी गाठतात. ‘गदर’मध्येही तोच आहे.

‘फेअरी क्वीन’ हे इंजिन तर १८५५ चे, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर दोनच वर्षांनी लीड्समध्ये बांधलेले. १९०९ मध्ये सेवेतून गेलेले हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटक घेऊन धावले आणि नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून गिनीज बुकात गेले. त्याच घराण्यातले ‘ईआयआर-२१’ चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याने २०१० मध्ये चालते केले. असले काम नकाशे, सुटे भाग काहीच बाजारात मिळत नसताना करावे लागते.

दार्जिलिंग आणि निलगिरीत वेगळे काय?

रेवाडीत इंजिन पाहायला मिळते, या दोन ठिकाणी ते पोटापाण्याचे काम करताना दिसते. फरक मोठा आहे.

दार्जिलिंगची दोन फुटी रेल्वे १८८१ मध्ये पूर्ण झाली. न्यू जलपाईगुडीपासून सुमारे ८८ किलोमीटरमध्ये ती २,२५८ मीटर उंचीच्या घुमपर्यंत चढते आणि मग थोडी उतरून दार्जिलिंगला येते. या चढासाठी बोगदे नाहीत. वळसे आहेत, आणि ‘झेड’ आकाराचे उलटसुलट टप्पे आहेत, जिथे गाडी पुढे जाते, मागे जाते आणि तेवढ्यात एक मजला वर चढलेली असते. १९९९ मध्ये तिला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्याआधी जगातील एकाच रेल्वेला, ऑस्ट्रियाच्या सेमरिंगला, तो मिळाला होता. इथली ‘बी’ वर्गाची इंजिने १८८९ पासूनच्या नमुन्याची. एवढ्याशा इंजिनावर माणसे किती, ते मोजावे. चालक, फायरमन, कोळशाच्या ढिगावर बसून ढेकळे फोडणारा एक आणि पुढच्या बाजूला बसलेले दोघे. हे दोघे रूळ ओले झाले, चाक घसरू लागले की हाताने वाळू टाकतात. परदेशी पाहुण्यांचे कॅमेरे डोंगरापेक्षा या दोघांवर जास्त वळतात, आणि ते बरोबरच आहे.

निलगिरी हा अभियांत्रिकीचा वेगळाच मामला. मेट्टुपालयम ते उटी हे ४६ किलोमीटर. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये आणि उटीपर्यंतचा १९०८ मध्ये खुला झाला. १६ बोगदे, सुमारे २५० पूल आणि १२ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ. एवढ्या चढावर गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळाला धरूच शकत नाही. म्हणून कल्लार ते कुन्नूर दरम्यान दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवली आहे आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्या दात्यांत अडकवत गाडी चढते. ‘एक्स’ वर्गाच्या या इंजिनांचा नमुना स्वित्झर्लंडचा. वाफ आधी एका जोडीच्या सिलिंडरमध्ये काम करते आणि मग तीच वाफ दुसऱ्या जोडीत जाऊन दातेरी चाक फिरवते. चढताना इंजिन गाडीच्या मागे राहून ढकलते, म्हणजे काही निसटले तरी डबे दरीकडे धावू नयेत. ‘छैया छैया’ गाण्यात शाहरुख खान ज्या गाडीच्या टपावर नाचतो, ती हीच.

मग यात धोका कशाला आहे?

इंजिनांना नाही, त्यांच्याभोवतीच्या माणसांना. मोठे वाफेचे इंजिन सकाळी किल्ली फिरवून सुरू होत नाही. आदल्या रात्रीच भट्टी पेटवावी लागते, धातू हळूहळू तापवावा लागतो. घाई केली तर बॉयलरला तडे जातात. पाण्याची पातळी भट्टीच्या माथ्याखाली गेली तर स्फोटाची भीती. कोळसा कुठे पसरायचा, वाफ कधी राखायची आणि चढ येण्याआधी किती मिनिटे भट्टी वाढवायची, हे पुस्तकात थोडे आणि हातात जास्त असते. १९९५ मध्ये जो फायरमन २५ वर्षांचा होता, तो २०३० मध्ये साठीला येऊन निवृत्त होईल. म्हणजे ब्रॉडगेजवर वाफेची रोजची नोकरी केलेल्या पिढीचा शेवटचा माणूस सेवेतून बाहेर पडायला आता थोडीच वर्षे उरली आहेत.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथे १९५१ मध्ये वेल्समधील टॅलीलिन ही बंद पडू पाहणारी रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि तिथून अशा रेल्वेंची चळवळच उभी राहिली. शिक्षक, कारकून, निवृत्त डॉक्टर शनिवार-रविवारी कोळसा टाकायला शिकतात. आपल्याकडे इंजिन रेल्वेचे, कर्मचारी रेल्वेचे. बाहेरच्या उत्साही तरुणाला शेडमध्ये शिकण्यासाठी वाव जवळपास नाहीच. त्यामुळे इंजिन पेटवायला निमित्त हवे, आणि पर्यटकांची चार्टर गाडी हे निमित्त पुरवते. तिचे पैसे रेल्वेच्या एकूण उत्पन्नात खिजगणतीतही नसतात. पण ठरलेली फेरी असली की शेडला बॉयलर तपासावा लागतो, नवख्याला जुन्याच्या शेजारी उभे करावे लागते. इंजिन चालते राहते ते अशाने.

रुळांवरची परिस्थितीही बदलली आहे. पूर्वी मोठ्या स्थानकांत फलाटाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखे पाण्याचे नळ असत. ते गेल्यामुळे आता टँकर आणि पाइपची सोय आधी करावी लागते. डोक्यावर विजेच्या तारा असल्याने कोळशाच्या ढिगावर चढण्याचीही सोय राहिलेली नाही. शिवाय वेगवान गाड्यांच्या गर्दीत ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या ‘फेअरी क्वीन’ला मार्ग मोकळा करून देणे हे नियंत्रण कक्षासाठी डोकेदुखीच.

सोपा पर्याय म्हणून आता वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवलेली गाडी आली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या एकतानगर-अहमदाबाद वारसा गाडीचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. मुलांना मौज वाटते, त्यात गैर काही नाही. पण त्याला ‘वारसा’ म्हणणे म्हणजे प्लास्टिकच्या हाराला मोगरा म्हणण्यासारखे आहे. याउलट तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीसाठी ‘एक्स’ वर्गाची नवी इंजिने बांधली, आधी तेलावर चालणारी आणि २०२१ मध्ये कोळशावरचेही. जुने तंत्र नव्या हातांना येऊ शकते, याचा यापेक्षा ठोस पुरावा नाही.

माथेरानचे काय?

महाराष्ट्राच्या वाट्याला या सहलींत फारसे काही येत नाही, आणि हे खटकते. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ ची, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली. तिची चार जर्मन बनावटीची वाफेची इंजिने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. त्यातले एक दिल्लीच्या संग्रहालयात आहे आणि ७४० क्रमांकाचे इंग्लंडमध्ये लेटन बझर्डला. म्हणजे माथेरानचे इंजिन पाहायला ब्रिटिश माणसाला भारतात यावे लागत नाही, आपल्यालाच तिकडे जावे लागेल! बार्शी लाइट रेल्वेची गोष्ट तशीच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या या अडीच फुटी रेल्वेचे नाव नॅरोगेजचा ब्रिटिश अभ्यासक आजही आदराने घेतो, कारण इथले धडे घेऊन कॅल्थ्रॉप यांनी पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. बार्शीचा तो मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे.

आपल्याला हे पाहायचे असेल तर?

महागड्या चार्टरची गरज नाही. दार्जिलिंग-घुम-दार्जिलिंग या ‘जॉय राइड’ची तिकिटे आयआरसीटीसीवर मिळतात, आरक्षण करताना वाफेची फेरी आहे की डिझेलची, हे नीट पाहावे, दोन्ही असतात आणि भाडेही वेगळे असते. पावसाळ्यात दरडींमुळे हा मार्ग बेभरवशाचा. निलगिरीत ऑक्टोबर ते डिसेंबरचा परतीचा पाऊस तेच करतो, त्यामुळे तिकडे जानेवारीनंतर जावे. मेट्टुपालयमहून सकाळी सातच्या सुमारास उटीची गाडी सुटते आणि पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागतात. वाफेचे इंजिन कुन्नूरपर्यंतच असते, पुढे बहुधा डिझेल लागते. म्हणून फक्त कुन्नूर-उटी असे तिकीट काढणाऱ्यांची निराशा होते. स्थानकावर अर्धा तास आधी गेले तर इंजिनात पाणी भरताना पाहता येते. आणि डबा निवडता आला तर सगळ्यात मागचा घ्यावा, इंजिन त्याला लागूनच असते. कपडे मात्र पांढरे नकोत.