नोकरींतलें शिक्षण आणि घरचें घड्याळ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सून किंवा मुलगी शिक्षिका, परिचारिका अथवा बँकेंत नोकरीस असेल. नोकरी लागल्यावरहि शिकत राहावें लागतें, हें त्यांस सांगावयास नको. पण ह्या वर्गांस कोण येतो आणि कोण राहून जातो, इकडे आपलें लक्ष क्वचित् जातें.

पाश्चात्य देशांतील पाहण्यांवरून असें दिसतें कीं, तरुण कामकरी अशा वर्गांस अधिक जातात आणि पंचावन्नाच्या पुढें संख्या उतरते. स्त्रियांचें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं पुरुषांच्या बरोबरीचें आहे. मात्र इच्छा असून जातां न आलेल्यांत ‘घर व मुलें’ हें कारण स्त्रियाच अधिक सांगतात.

वयाचा अनुभव आम्हांस आहे. पन्नाशी उलटल्यावर आम्ही संगणकाच्या वर्गास बसलों. माउस धरतांना बोटें थरथरत, आणि शिकविणारा आमच्या विद्यार्थ्याच्या वयाचा! ही लाज एक. शिवाय ‘निवृत्तीस आलेल्यावर खर्च कशाला’ हा वरिष्ठांचा हिशेब दुसरा. मात्र आपल्या राज्यांत शिक्षकांस १२ वर्षांनीं वरिष्ठ व २४ वर्षांनीं निवड श्रेणी मिळावयाची, तर प्रशिक्षण लागतें. तेथें पन्नाशीचे गुडघेहि जिना चढतात!

पगाराची आशा नसतांहि शिकणारीं माणसें झालीं आहेत. हिंगण्याच्या आश्रमासाठीं वर्गणी मिळविणाऱ्या पार्वतीबाई आठवले इंग्रजी शिकण्यासाठीं १९१८ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांचें वय ४८ च्या सुमारास होतें. तेथें परक्या घरीं घरकाम करून त्यांनीं दिवस काढले. पण त्यांचा मुलगा तोंवर मोठा झाला होता, हेंहि विसरूं नये.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठीं निदान ५० तासांचें प्रशिक्षण मिळावें असें म्हटलें आहे. पुरुषाचे ५० तास सहज निघतात. स्त्रीचे कोठून निघावयाचे? वर्ग मोबाइलवर आला म्हणून सोय झाली म्हणतात. आम्ही तर एका कानांत व्याख्यान आणि दुसऱ्यांत कुकरच्या शिट्ट्या, असा अभ्यास घरींच पाहिला आहे.

आमची सून शिक्षिका. जिल्ह्याच्या गांवीं दहा दिवसांचा निवासी वर्ग होता, त्यास तिनें नकार कळविला. आम्हीं कारण विचारलें नाहीं. शिक्षक असून विचारलें नाहीं, ह्याचें आज वाईट वाटतें. पुढील वर्षीं पुन्हा पत्र आलें. ती म्हणाली, “मामंजी, धाकट्याची शाळा सकाळची आहे. डबा कोण करील?” आम्ही म्हटलें, “आम्ही करूं.”

पहिल्या दिवशीं पोळ्या करपल्या. तिसऱ्या दिवशीं नातवानें डबा रिकामा आणला. दहाव्या दिवशीं सून परतली ती वह्यांचा गठ्ठा घेऊन, आणि जेवतांना आम्हांस अपूर्णांक शिकविण्याची नवी रीत सांगत बसली. चाळीस वर्षें आम्हीं ते निराळ्याच रीतीनें शिकविले होते. त्या रात्रीं आम्हीं तिची वही मागून घेतली.