चिखलातली शर्यत

मंडळी, शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरच्या शिवारातून आषाढ-श्रावणात कधी चालला आहात? पक्का रस्ता सोडून उसाच्या बांधाला लागले, की दहा पावलांत वहाणेचे वजन दुप्पट होते. विसाव्या पावलाला पाय वर येतो आणि वहाण खालीच राहते! अशा चिखलातून माणसे हौसेने धावतात, वर पैसेही भरतात, असे सांगितले तर आपला शेतकरी हसेल. पण हे खरे आहे. इंग्लंडात १९८७ साली 'टफ गाय' नावाची अशी शर्यत सुरू झाली आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. चिखल, पाणी, भिंती, दोरखंड असे सारे ओलांडत शेवट गाठायचा, एवढाच तिचा नियम.

याचे मूळ मात्र जुने आहे. इंग्लंड-आयर्लंडकडे घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत पैज लावीत. वाटेतली कुंपणे आणि ओढे उडी मारून पार करायचे. मनोऱ्याला तिकडे 'स्टीपल' म्हणतात, म्हणून ही 'स्टीपलचेस'. पुढे माणसेच तशी धावू लागली आणि ती शर्यत मैदानात आली. आज तिचे अंतर ३००० मीटर असते. त्यात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. पुरुषांच्या अडथळ्याची उंची सुमारे ९१ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट.

या शर्यतीत आपल्या महाराष्ट्राचे नाव अविनाश साबळे यांनी गाजवले. ते बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे. लहानपणी शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहन नाही, म्हणून चालत-धावत शाळा गाठायची. पुढे ते सैन्यात गेले आणि तिथे क्रॉस-कंट्री, म्हणजे रानावनातून धावण्याच्या शर्यतीत, उतरले. २०१८ साली त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्णपदक त्यांचेच झाले.

आता तुम्ही विचाराल, चिखलात धावणे इतके अवघड का? आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. ते पाणी पितात आणि फुगतात. उन्हाळ्यात याच जमिनीला भेगा पडतात, त्या याच कारणाने. ओली झाली की ही माती तळव्याला चिकटते. पाय खोल रुतला, की तळव्याखाली हवा शिरायला वाट उरत नाही. पाय सरळ वर ओढू गेलो, तर खालून कोणी धरून ठेवल्यासारखे वाटते. म्हणून घाई करून उपयोग नाही. टाच आधी हलवावी, थोडी हवा आत जाऊ द्यावी, मग पाय काढावा. पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, नजर चार पावले पुढे असावी. गवताचा बुंधा कुठे आहे, वाळूमिश्रित जागा कुठे आहे, हे ज्याला दिसते तो पुढे जातो. नांगरामागे चाललेल्याला हे शिकवावे लागत नाही!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही शर्यत शाळेतही घेता येईल. एक-दोन किलोमीटरचा मार्ग पुरे. एखादा बांध, आडवा ओंडका, मातीने भरलेली पोती, दोरीखालून सरपटण्याची जागा, एवढ्याने काम भागते. पण मार्ग आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी काठीने चाचपून स्वतः चालून पाहा. काच, बाभळीचे काटे, तारेचे तुकडे वेचून काढा. पाणी गुडघ्याच्या वर नको. ओढा, नदी, पाटाचे वाहते पाणी यांच्या वाटेला जाऊच नका. पायात घट्ट बांधलेले बूट हवेत आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. उसाच्या रानात उंदीर फार. त्यांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीवरच्या जखमेवाटे, लेप्टोस्पायरोसिस हा ताप होऊ शकतो. तेव्हा साचलेले पाणी टाळावे, जखम असलेल्या मुलाला बसवावे, शर्यतीनंतर साबणाने अंग धुवावे. पुढच्या महिनाभरात ताप आला, तर चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

उन्हाचेही भान हवे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर उन्हात क्रॉस-कंट्री झाली. ३८ जण धावले, १५ जणच शेवटापर्यंत पोचले. त्यानंतर ती शर्यत ऑलिंपिकमधून बंदच झाली. जगातले उत्तम धावपटू जिथे कोसळले, तिथे आपल्या मुलांची काय कथा! शर्यत सकाळीच घ्या आणि थांबणाऱ्याला हसू देऊ नका.

क्रॉस-कंट्रीच्या सांघिक स्पर्धेत संघातल्या ठरावीक धावपटूंचे क्रमांक मिळवतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. एकटा पहिला येऊन भागत नाही. तुम्ही याहून पुढे जा. चार-चार मुलांच्या तुकड्या करा आणि तुकडीतला शेवटचा मुलगा पोचेल ती वेळ धरा. मग पाहा, पुढचा मागे वळून रुतलेल्याला हात देतो की नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. साबळे यांनी पायी शाळा गाठली, म्हणून इतर मुलांनीही चिखल तुडवत शाळेत यावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्या वाटेवरून आलेला एक मुलगा आपल्याला दिसला. पावसाने वाट बंद झाली म्हणून घरीच राहिलेल्या मुली कोणाला दिसल्या? शाळेची वाट पक्कीच हवी. चिखल असावा तो शर्यतीच्या मैदानात, जिथे मूल आपल्या खुशीने उतरते आणि काठावर हात द्यायला कोणीतरी उभे असते.