जीवाणूंची तटबंदी भेदणारी विकरे

दातांवर साचणारे कीटण आणि रुग्णाच्या शरीरात बसविलेल्या कॅथेटरवर धरणारा बुळबुळीत थर ही एकाच प्रकारची रचना आहे. शास्त्रज्ञ तिला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. पृष्ठभागाला चिकटलेले जीवाणू शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचे आवरण स्वतःभोवती निर्माण करतात व त्याच्या आश्रयाने वाढतात.

या आवरणामुळे काही प्रतिजैविके आतपर्यंत पोहोचण्यास विलंब होतो. शिवाय, खोलवरचे अनेक जीवाणू जवळपास सुप्तावस्थेत असल्याने, वाढणाऱ्या जीवाणूंवर मारा करणारी औषधे त्यांच्यावर निष्प्रभ ठरतात. परिणामी बरा झालेला वाटणारा संसर्ग पुन्हा उद्भवतो. कृत्रिम सांधा किंवा हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णावर कित्येकदा दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते.

जीवाणूंना मारण्यापूर्वी त्यांची तटबंदीच मोडावी, हा विचार यातून पुढे आला. त्यासाठी विकरे उपयुक्त ठरू शकतात. प्रत्येक विकर ठराविक रासायनिक बंधच तोडते. सन २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या नव्या जैवपटलाचा डीएनए तोडणाऱ्या डीएनएज विकरामुळे भंग झाला. जुन्या, परिपक्व पटलावर मात्र त्याचा प्रभाव कमी दिसला.

सन २००३ मध्ये हिरड्यांच्या विकाराशी संबंधित एका जीवाणूत डिस्पर्सिन-बी हे विकर आढळले. तो जीवाणू स्वतःच्या वसाहतीतून बाहेर पडण्यासाठी ते वापरतो. अनेक जीवाणूंच्या आवरणातील एक चिकट शर्करा-बहुवारिक ते तोडते. या विकराचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या जीवाणूचे पटल धरण्यास अटकाव होतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले. म्हणजेच उपचाराबरोबरच प्रतिबंधाचीही शक्यता त्यात आहे.

तथापि, विकरे बहुधा जीवाणूंना मारत नाहीत, केवळ मोकळे करतात. सुटलेले जीवाणू रक्तावाटे इतरत्र पसरू नयेत, यासाठी सोबत प्रतिजैविक देणे आवश्यक ठरते. विकरे ही प्रथिने असल्याने शरीरात त्यांचे विघटन होऊ शकते आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना विरोधही करू शकते. शिवाय, प्रत्येक जीवाणूचे आवरण वेगळे असल्याने एकच विकर सर्वत्र लागू पडत नाही.

औषध म्हणून विकर वापरणे मात्र नवे नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुप्फुसांतील दाट कफ पातळ करण्यासाठी डॉर्नेज अल्फा या डीएनएज विकराला अमेरिकेत १९९३ मध्येच मान्यता मिळाली होती. जैवपटलाविरुद्धच्या लढ्यात विकरे प्रतिजैविकांची जागा घेणार नाहीत. त्यांचा मार्ग मोकळा करून देणे, हेच त्यांचे काम असेल.