गडग्यांमधून जाणारी गाडी

मालवणजवळच्या ज्या वाडीत आमचं घर आहे, तिथे डांबरी रस्ता देवळापाशी संपतो. पुढची वाट जांभ्याच्या गडग्यांमधून जाते. एका अंगाला माडांची बाग, दुसऱ्या अंगाला भाऊबंदांचा गडगा, आणि मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा. तो गडगा हातभर मागे घ्या म्हटलं तर तीन पिढ्यांचे दावे उकरून निघतील, म्हणून कोणी म्हणत नाही. चतुर्थीला चाकरमानी येतात ते हल्ली उंच, रुंद गाड्यांतून. त्या गाड्या देवळासमोर ओळीने उभ्या राहतात आणि मालक डोक्यावर बॅगा घेऊन चिखल तुडवत घर गाठतात. माझी मारुती आठशे तेवढी थेट खळ्यात येते. तिची रुंदी दीड मीटरहून कमी, आणि आरसा मुळात एकच, उजवा. डावीकडे घासायला काही नाही.

ही गाडी १९९१ सालची. मी बँकेत अधिकारी होतो. १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांना मिळणारं वाहनकर्ज घेऊन ती कुडाळच्या एका डॉक्टरांकडून विकत घेतली. दिवसभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासायचे आणि संध्याकाळी स्वतःचा अर्ज भरायचा, यातली गंमत शाखेतल्या शिपायाने मला पुष्कळ दिवस ऐकवली.

आजच्या तरुण वाचकांना 'मारुती आठशे' म्हणजे क्लास लावून गाडी शिकायची ती जुनाट डबी वाटेल. पण तिच्या आधीचे दिवस आठवून पाहा. मोटार म्हणजे ॲम्बेसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जिचं पुढे 'पद्मिनी' असं बारसं झालं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. दोन्ही गाड्या भक्कम. पण पगारदार माणसाने त्यांच्याकडे नुसतं पाहावं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपालसिंग यांच्या हाती पहिल्या मारुतीची किल्ली दिली. त्याआधीच लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये भरून नाव नोंदवलं होतं. गाडीची किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं जपानी बेताचं इंजिन, बारा इंची चाकं. १९८६ मध्ये तिचं रूप बदललं आणि तेच रूप लोकांच्या डोळ्यांत बसलं. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

सामान्यांना परवडेल अशी छोटी गाडी आपल्याकडच्या एका माणसाने त्याच्याही आधी करून दाखवली होती, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्या फोंडाघाटाच्या पलीकडे, इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. अभियांत्रिकीची पदवी नाही, पण १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने बनवले. तिचं नाव 'मीरा'. बारा हजार रुपयांत ती द्यावी असा त्यांचा हिशेब होता. कारखान्यातून ती कधी बाहेर पडली नाही. इतका चिवट माणूस आणि इतकी थोडी साथ, याची मला आजही चुटपुट लागते.

आता घाट उतरून पुन्हा वाडीत येऊ. १९९४ मध्ये आमच्याकडे शेवटची एस.टी. गेली की सकाळपर्यंत जग बंद. रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, तीही कुडाळ-कणकवलीवरून. मालवणला स्टेशन नाहीच. अशा ठिकाणी दारात गाडी असणं ही एकट्या मालकाची बाब राहत नाही. आंब्याच्या पेट्या, नवरीमुलगी, कोर्टाची तारीख, बारशाची भांडी, सगळं तिच्यातून गेलं. १९९८ च्या आषाढात शेजारची सून अडली. रात्री दीडचा सुमार, वीज गेलेली. मालवणच्या डॉक्टरांनी सरळ 'बांबोळीला न्या' म्हणून सांगितलं. सिंधुदुर्गातल्या अवघड आजारपणाची वाट तेव्हाही गोव्याच्याच मेडिकल कॉलेजकडे जायची. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीची सीमा, म्हापसा, मांडवीचा पूल, शंभरावर किलोमीटर. मागच्या सीटवर ती, तिची सासू आणि सुईण. पुढे तिचा नवरा कंदील धरावा तसा टॉर्च धरून बसलेला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. रस्त्यावर पाणी, वायपर दमलेले. इंजिन एकदाही खोकलं नाही. पहाटे मुलगा झाला. तो आता पुण्यात नोकरी करतो आणि त्याची मोठी गाडी देवळापाशी लावतो.

दुसरी एक गोष्ट मला याहून मोठी वाटते. सौ. आचऱ्याच्या बाजूला शाळेत शिक्षिका होती. जायला दोन एस.टी. बदलायच्या, एक चुकली की मस्टरवर लाल रेघ. १९९६ मध्ये ती याच गाडीवर शिकली. वाडीतली गाडी चालवणारी ती पहिली बाई. आठवडाभर लोक गडग्यावर बसून बघत. मग सवय झाली, आणि मग दोघी-तिघी 'बाईंनू, आमकाय शिकवा' म्हणत आल्या. सुकाणू हलकं, क्लच हलका. फियाटच्या सुकाणूशेजारच्या गिअरदांड्याशी झटापट नाही.

बँकेतल्या सवयीने मी गाडीच्या खर्चाची वही ठेवली आहे. तीत पेट्रोलच्या खालोखाल शत्रू एकच, खारा वारा. सायलेन्सर दर दोन-तीन वर्षांनी जातो. दरवाजाखालचे पत्रे पाच वेळा बदलले. इंजिन मात्र दोनदाच उघडलं. आमचे मेस्त्री म्हणतात, "साहेबांनू, इंजिन माझ्या हातात असा, पत्रो समुद्राच्या हातात." पॉइंट्सची फट ते जुन्या ब्लेडने बघतात, टॅपेटचा आवाज कानाने. ही गाडी स्वस्त होती, असं म्हणताना लोक किंमत आणि ॲव्हरेज बघतात. तिची खरी स्वस्ताई मला मेस्त्रींच्या शेडमध्ये दिसली. जे बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, पान्याने सुटतं आणि तालुक्याच्या गावात दुरुस्त होतं.

नव्या पेट्रोलने मात्र त्यांना कोड्यात टाकलं. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. त्यात आमची हवा दमट. महिनाभर गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटर रुसतो. मेस्त्रींनी सगळे रबरी पाइप बदलले आणि मला ताकीद दिली की टाकी भरून गाडी उभी करायची नाही.

आता प्रश्न कागदाचा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नवी करायची. २००६, २०११, २०१६, २०२१ अशा चार वेळा मी ओरोसला गाडी दाखवून आलो. तेव्हा नूतनीकरणाचं शुल्क सहाशे रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. माझी मुदत २०२६ मध्ये संपते. जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या कमी व्हाव्यात, हे सरकारचं म्हणणं मला पटतं. पण वर्षाकाठी तीन हजार किलोमीटर चालणारी, तपासणीत चार वेळा पास झालेली गाडी केवळ वयाने दोषी ठरावी, हे पटत नाही.

'व्हिंटेज' म्हणून मान मिळवावा, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची लागते. माझीला पंधरा वर्षं कमी पडतात. तोवर मी ऐंशी ओलांडलेली असतील. शिवाय तशी नोंद झालेली गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. म्हणजे तिच्यातून बाजारातले बांगडे आणायचे नाहीत.

मुलगा म्हणतो, मोडीत काढा, विजेवरची छोटी गाडी घ्या. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, आणि गडग्यांत मावणारी विजेची गाडी आता मिळतेही. मी हिशेब मांडला: शुल्क, पत्रा, रंग, दोन टायर. आकडा गाडीच्या बाजारभावापेक्षा मोठा आला. बँकेत असतो तर असं प्रकरण मी नामंजूर केलं असतं. वही सौ.पुढे ठेवली. तिने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "गाडी ऱ्हवांदे. पण खालचो पत्रो बदला, माझ्या पायात पाणी येता."

गाडी गेल्या सोमवारपासून मेस्त्रींकडे आहे. त्यांचा पुतण्या गोव्यात नव्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून दोष शोधतो. तो रजेवर आला होता. दोन दिवस तो चुलत्यांच्या शेजारी उकिडवा बसून कार्ब्युरेटर खोलायला शिकला. जुना पत्रा कापल्यावर खाली मूठभर तांबडी माती आणि एक पावली निघाली. नवा पत्रा बसला की त्यावर लाल प्रायमरचे दोन हात द्यायचे आहेत. मेस्त्रींनी रबरी मॅट मात्र घालू नका म्हणून बजावलंय, तिच्याखाली पाणी धरून राहतं. सौ.ने मालवणच्या बाजारातून काथ्याची दोन पायपुसणी आणून ठेवली आहेत.