रहस्यकथेची घडण (भाग ६) : बर्फ नसलेल्या मुलखातलं बंद घर

मागच्या भागात आपण विषाचा माग काढला. आज घराकडे वळू. बर्फात अडकलेला बंगला, आत मोजके पाहुणे, त्यांतल्या एकाचा खून आणि खुनी उरलेल्यांपैकीच कुणीतरी. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ याच घडणीचं. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या अ‍ॅम्बॅसेडर्स थिएटरात ते लागलं आणि मार्च २०२० मध्ये करोनाने नाट्यगृहं बंद होईपर्यंत लंडनमध्ये चालूच राहिलं.

तिथे बर्फ वाट अडवतो, पोलिसांना लांब ठेवतो आणि पुरावा जपतो. अंगणातल्या बर्फावर पावलं नसतील तर बाहेरून कुणी आलं नाही, हे कळतं. संशयितांची यादी तिथेच संपते.

भंडारा जिल्ह्यात बर्फ कुठला! पण वाट अडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आता कल्पना करा : लाखांदूरकडचा नदीकाठचा जुना वाडा. तेरवीला सोयरे जमलेत, शेतीची वाटणी अडली आहे, आणि रात्रीतून रपट्यावर पाणी चढतं. सकाळी ओसरताना काठाच्या झुडपात एक प्रेत अडकलेलं दिसतं.

इथे कोडं उलटं होतं. बर्फ खुणा राखतो, पूर त्या धुऊन नेतो. शिवाय पुराच्या दिवसांत बुडून मरणं कुणाला खटकत नाही. ठाण्यात मर्ग दाखल होतो, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, आणि बहुतेकांच्या लेखी विषय मिटतो.

मिटत नाही तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. नदी, तळं, विहीर यांच्या पाण्यात डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल असतं. त्याचं कवच सिलिकाचं, सहज न कुजणारं. जिवंत माणूस बुडताना पाणी ओढतो, ते कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात आणि हृदय धडधडत असेतोवर हाडांच्या मगजापर्यंत जाऊ शकतात. आधीच मेलेल्याला पाण्यात टाकलं, तर रक्तच थांबलेलं असतं. ही चाचणी एकटीने निकाल देत नाही, डॉक्टर बाकीच्या खुणांशी ती ताडून पाहतात. पण लेखकाला हवं ते तिच्यात आहे : दोन पाण्यांतले डायटम वेगळे असू शकतात. प्रेत मिळालं वैनगंगेत, आणि मगजातले कण जुळले परसातल्या विहिरीशी! तिथपर्यंत पूर पोचलाच नव्हता. मग विहिरीवर रात्री कोण होतं?

हा प्रश्न विचारणारा माणूसही इथे तयार आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावात पोलीस पाटील असतो. संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणं त्याचं काम. तो पाण्याने वेढलेल्या त्याच गावात राहतो, वाड्यातल्यांशी त्याचं नातं असतं. परका गुप्तहेर आणण्यापेक्षा हा पेच मला कितीतरी कसदार वाटतो.

आणि नुसत्या अडकण्याने कथा उभी राहत नाही. ‘माउसट्रॅप’च्या मुळाशी एक खरा गुन्हा आहे : डेनिस ओनील हा १२ वर्षांचा मुलगा इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या एका शेतावर पालनकर्त्यांच्या छळाने जानेवारी १९४५ मध्ये मेला. ख्रिस्तीने त्या अन्यायाचं ओझं बंद घरात आणून ठेवलं. आपल्या वाड्यांतही असे जुने अन्याय थोडे नाहीत : गडप झालेला सातबारा, हक्क न मिळालेली बहीण.

झाडीपट्टीत धान निघालं की रात्रभर नाटकं रंगतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाही. तिथल्या लेखकांना माझी कळकळीची विनंती : बर्फ उसना आणू नका. आपल्या पुराचं, रपट्याचं, तेरवीचं रहस्यनाटक लिहा.

पुढच्या आठवड्यात : खोटी साक्ष आणि ती पकडण्याच्या रीती.