पाणी होतं, तरी बायका पाणी पीत नव्हत्या

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आज कोडिंग नाही, नवीन फोन नाही. आजचा विषय पाणी आणि संडास. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. मी तेव्हा बीटेकला होतो. आम्ही काही मित्र पूरग्रस्तांच्या एका कॅम्पवर मदतीला गेलो. शाळेची इमारत, साधारण ३०० माणसं. मला कॉम्प्युटर येतो म्हणून हिशेबाची शीट माझ्या गळ्यात पडली. मीही खूश. रकाने, सूत्रं, लाल-हिरवे रंग, सगळं मस्त जमवलं.

आकडे कुठून घ्यायचे? तर अशा कामासाठी 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी १९९७ मध्ये हे काम सुरू केलं. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं. पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत, आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जायला नको. संडास २० माणसांमागे एक. अगदी सुरुवातीच्या धांदलीत ५० माणसांमागे एक चालतो.

आता आमचा हिशेब बघा. ३०० गुणिले १५ म्हणजे ४,५०० लिटर. टँकर यायचा ५,००० लिटरचा. हिरवा! संडास सहा, म्हणजे ५० माणसांमागे एक. हाही हिरवा! मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या दिवशी एका काकूंना ताप आला. डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग आहे, पाणी कमी पडतंय, भरपूर पाणी प्यायला द्या. मी बुचकळ्यात. टाकी तर भरलेली! शेजारी बसलेल्या आजींना म्हटलं, "आजी, तुम्ही सगळ्या पाणी पीत जा ना." त्या म्हणाल्या, "पानी हाय की रं बाळा. पन प्याल्यावर रातच्याला जायचं कुटं?"

मग मी पहिल्यांदा स्वतः जाऊन बघितलं. सहा संडासांपैकी तीन मुलींचे, इमारतीच्या मागे. दिवा नाही. एकाची कडी तुटलेली. वाटेत चिखल, आणि वाटेवरच पुरुष मंडळी झोपलेली. बायका दुपारनंतर पाणी पिणंच बंद करत होत्या. माझ्या शीटमध्ये 'कडी' नावाचा रकाना नव्हता.

इलाज काय केला? कडी बसवली, चार्जिंगचा दिवा टांगला, पुरुषांची झोपायची जागा हलवली आणि मुलांच्या बाजूचा एक संडास बायकांना दिला. स्फिअरच्या शिफारशीप्रमाणे सार्वजनिक संडासांत बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट जागा हव्यात. म्हणजे आमचा तीन-तीनचा समान हिशेब मुळातच चुकला होता. आणि हे सगळं आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

हे सांगलीपुरतं नाही. ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. घाईघाईत हजारो उथळ कूपनलिका आणि खड्ड्याचे संडास बांधले गेले. मोजायला गेलं तर आकडा मोठा दिसायचा. पण शोषखड्डा आणि पाण्याचा स्रोत यांत निदान ३० मीटर अंतर लागतं, ते टेकड्यांवरच्या त्या गर्दीत कुठून मिळणार? बऱ्याच कूपनलिकांच्या पाण्यात मैल्यातले जंतू सापडले, कित्येक बंद पडल्या. तिथेही बायका संडासला जावं लागू नये म्हणून खाणंपिणं कमी करत होत्या. नंतर खोल कूपनलिका, सौरपंप आणि क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी आलं.

म्हणजे आपण 'काय बसवलं' ते मोजतो. मोजायला हवं 'काय वापरात आहे' ते. आमच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं म्हणजे लोक ते वापरतायत असं होत नाही. इथे फरक एवढाच, की बग निघाला तर हगवण लागते.

मग असं काम चालवताना काय बघायचं? तीन गोष्टी.

पहिली, पाणी टाकीत नाही, हंड्यात तपासा. टीसीएल पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. मग नळाला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. आपल्या गावातले जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. पण हंडा उघडा असेल, त्यात हात बुडत असेल, तर नळापाशी शुद्ध असलेलं पाणी घरात पुन्हा खराब होतं.

दुसरी, दुरुस्ती कोण करणार ते आधी ठरवा. इंडिया मार्क टू हा जगभर गेलेला हातपंप आपल्या सोलापूर पंपाच्या रचनेवरून तयार झाला. मजबूत आहे, पण बिघडला की सगळे पाइप वर ओढावे लागायचे, म्हणजे तालुक्याहून माणसं येईपर्यंत पंप बंद. म्हणून मार्क थ्री आला. त्यात पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो, गावातला माणूसही हे करू शकतो. पण पान्हा कुणाकडे, वॉशरचे पैसे कोण देणार, हे कंपनी ठरवून देत नाही. ते वापरणाऱ्यांच्या समितीनेच ठरवायचं.

तिसरी, समितीत बायका हव्यात, आणि नुसत्या सहीपुरत्या नकोत. जागा पक्की करण्याआधी त्यांना विचारा. संडासाची किल्ली, सफाईची पाळी, दिवा चार्ज करणं, सगळ्याला नाव लिहिलेलं हवं.

ती शीट अजून माझ्या ड्राइव्हमध्ये आहे. नंतर तिच्यात एक रकाना वाढवला: 'काल रात्री इथे कोण गेलं?' तो भरायला मात्र खुर्चीवरून उठावं लागतं.

पुढच्या पावसाळ्यात तुमच्यापैकी कुणी मदतीला गेलात, तर बिस्किटांच्या पुड्यांबरोबर दोन कड्या, स्क्रू आणि एक पेचकस बॅगेत टाका. आणि पोचल्यावर आधी एखाद्या आजीशेजारी बसा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत राहा!