घरचा हेडफोन ॲम्प – भाग ४ : आधी मीटर, मग कान

गेल्या आठवड्यात सामानाची यादी झाली. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या वाचकांना लोकलने शिवाजीनगरला उतरून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठता येते. लोणावळ्याहून ज्यांचं मुंबईला जाणं-येणं आहे, त्यांच्यासाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच. दोन्हीकडे एक काळजी घ्या. काउंटरवर नुसतं ‘छोटा ॲम्प द्या’ म्हटलंत, तर हातात बहुधा पीएएम ८४०३ चिपचं तयार बोर्ड पडेल. ते स्पीकरसाठी उत्तम आणि स्वस्त आहे, पण हेडफोनसाठी चालत नाही. त्यात डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या दोन्ही तारा चिप स्वतंत्रपणे चालवते, एकही तार ग्राउंडला नसते. हेडफोनच्या नेहमीच्या पिनमध्ये मात्र दोन्ही बाजूंची परतीची तार एकच असते. जोडल्याबरोबर दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. म्हणून आपण सुटे भाग घेऊन ऑप-ॲम्पचं सर्किट बांधतो आहोत.

उंची आणि लोंढा

‘ॲम्प म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र’ ही समजूत अर्धीच खरी आहे. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५पासून चालतं. तिथे घाटाची उंची आणि पाण्याचा लोंढा, दोन्ही लागतात. उंची भरपूर आणि पाणी चमचाभर, तर चाक फिरणार नाही. आपल्या सर्किटमध्ये उंचीच्या जागी व्होल्टेज आहे आणि लोंढ्याच्या जागी करंट.

३०० ओहमच्या हेडफोनला उंची जास्त लागते, लोंढा कमी. ३२ ओहमच्या हेडफोनला नेमकं उलटं. दुकानात सहज मिळणारी टीएल ०७२ चिप ३२ ओहमवर कमी पडते ती यामुळेच. तिच्याकडे व्होल्टेज असतं, करंट नसतो. एनई ५५३२ साधारण ३८ मिलिॲम्पिअरपर्यंत करंट देते. ३२ ओहमवर त्याचं गणित सुमारे २३ मिलिवॉट येतं. आकडा किरकोळ वाटेल, पण १ मिलिवॉटला १०० डेसिबल आवाज देणाऱ्या हेडफोनवर तो ११३ डेसिबलच्या पुढे जातो. इतका आवाज कानाला इजा करतो. म्हणून गेन, म्हणजे व्होल्टेज किती पट वाढवायचं तो आकडा, तिपटीच्या आसपासच ठेवायचा. फीडबॅकला २.२ किलोओहम आणि ग्राउंडकडे १ किलोओहम जोडलं, की गेन ३.२ पट होतो. फोनबरोबर आलेल्या साध्या इअरफोनसाठी तर या ॲम्पची गरजही फारशी नाही. फरक कळतो तो जास्त ओहमच्या किंवा कमी संवेदनशील हेडफोनवर.

नऊ व्होल्टचा मध्य

जगभरचे हौशी ज्या सर्किटपासून सुरुवात करतात, ते चू मॉय यांचं १९९०च्या दशकाच्या अखेरचं सर्किट. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावेल एवढंच. ९ व्होल्टची एक बॅटरी, तिच्यावर दोन सारखे रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर. दोन रेझिस्टरच्या मधला बिंदू हेच ग्राउंड. एका बाजूला अधिक साडेचार, दुसऱ्या बाजूला उणे साडेचार.

ही युक्ती सुबक आहे, पण नाजूकही. तो मध्य ४.७ किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी धरून ठेवलेला असतो. हेडफोनमधून १ मिलिॲम्पिअर जरी सतत एकाच दिशेने वाहू लागला, तरी मध्य २ व्होल्टपेक्षा जास्त सरकतो. मग एका बाजूला जागा उरत नाही आणि संगीताची टोकं छाटली जातात.

असा सतत वाहणारा करंट येतो कुठून? चिपमधूनच. मूळ सर्किट ज्या ओपीए २१३२, ओपीए २१३४ जातीच्या चिपवर चालतं, तिचं इनपुट जवळजवळ काहीच करंट घेत नाही. ५५३२ मात्र इनपुटवर साधारण २०० नॅनोॲम्पिअर ओढते, काही नगांत याच्या कितीतरी पट. मूळ सर्किटमध्ये इनपुटवर १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे. २०० नॅनोॲम्पिअर गुणिले १०० किलोओहम म्हणजे २० मिलिव्होल्ट. गेन ३.२ पट, म्हणून आउटपुटवर ६४ मिलिव्होल्ट. गाणं सुरू नसतानाही ३२ ओहमच्या हेडफोनमधून २ मिलिॲम्पिअर वाहणार, तेही दोन्ही कानांत. मध्य कोलमडायला एवढं पुरेसं आहे.

नेटवरचं सर्किट जसंच्या तसं घेऊन फक्त चिप बदलली, की आवाज फाटतो. दोष ५५३२चा नसतो. भोवतालचे भाग दुसऱ्या चिपसाठी मोजलेले असतात, एवढंच. ओपीए २१३४ महाग आहे आणि तिच्या नकलाही बाजारात फिरतात, म्हणून या मालिकेत ५५३२ ठेवायची आणि भोवतालचं बदलायचं.

दोन बदल

पहिला बदल : ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घ्या. एकीचं उणे टोक दुसरीच्या अधिक टोकाला जोडा. तो सांधा म्हणजे ग्राउंड. आता मध्य रेझिस्टरवर तोललेला नाही, तो बॅटऱ्यांचाच आहे आणि सरकणार नाही. शिवाय ५५३२ला दोन्ही बाजूंना किमान ५ व्होल्ट हवे असतात, तीही अट पुरी होते. खर्च एका बॅटरीचा वाढतो, पण चिप रिकामी असताना सुमारे ८ मिलिॲम्पिअरच घेते. अल्कलाइन बॅटऱ्या कित्येक संध्याकाळी पुरतात. स्विच मात्र दोन पोलचा घ्या. दोन्ही बॅटऱ्या एकदम तुटल्या पाहिजेत. एकच चालू राहिली तर हेडफोनवर थेट डीसी जाऊ शकतो.

दुसरा बदल : इनपुटचा रेझिस्टर १०० ऐवजी १० किलोओहम आणि त्याआधीचा कपॅसिटर ०.१ ऐवजी १ मायक्रोफॅरड, फिल्म जातीचा. रेझिस्टर दहापट कमी आणि कपॅसिटर दहापट जास्त, म्हणून खर्जाची खालची मर्यादा होती तिथेच, १६ हर्ट्‌झवर राहते. आउटपुटचा डीसी मात्र ६४वरून साडेसहा मिलिव्होल्टच्या आत येतो.

पावसाचा हिशेब

मावळातल्या वाचकांना या दुसऱ्या बदलाचा आणखी एक फायदा आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे येईपर्यंत तो बराच ओसरतो. पण जुलैत पश्चिमेच्या गावांत कपाटातले कपडेही दमट लागतात. सोल्डरिंगनंतर बोर्डवर राहिलेला फ्लक्स ही ओल धरतो आणि दोन पायांमध्ये किंचित वीज वाहू देतो.

५५३२च्या पायांची रचना पाहा. ४ नंबरच्या पायावर उणे ९ व्होल्ट आणि त्याला लागूनच ३ नंबरचा पाय, एका चॅनलचं इनपुट. या दोन पायांमध्ये ओलीमुळे १० मेगओहमची वाट तयार झाली, तर १०० किलोओहमच्या सर्किटमध्ये इनपुटवर ९० मिलिव्होल्टची भर पडते. १० किलोओहममध्ये तीच भर ९ मिलिव्होल्टची. कोरड्या दिवसांत ठीक चालणारा ॲम्प पावसाळ्यात एकाच कानात बिघडला, तर संशयाची पहिली जागा हीच.

उपाय सोपा आहे. सगळे सांधे झाले की जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्डची खालची बाजू घासा, पुसा, नीट वाळू द्या. पुढे ॲम्प डब्यात बसवाल तेव्हा आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

मोजणी

आता हेडफोन बाजूला ठेवा आणि मल्टिमीटर हातात घ्या.

१. आयसी बेसमध्ये चिप न बसवता स्विच चालू करा. काळी तार ग्राउंडला. ८ नंबरच्या खाचेत अधिक ९, ४ नंबरच्या खाचेत उणे ९ मिळालं पाहिजे. उलटं आलं तर चिप वाचली असं समजा.

२. स्विच बंद करून चिप बसवा. चिपची खाच आणि बेसची खाच एका बाजूला. व्हॉल्यूम पूर्ण खाली. स्विच चालू करून २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर १ आणि ७ नंबरचे पाय मोजा. हे दोन आउटपुट आहेत. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. २०च्या पुढे असेल तर थांबा आणि कारण शोधा. रेझिस्टरची किंमत चुकली, सांधा कच्चा राहिला किंवा बोर्ड धुतलं गेलं नाही, यांपैकी एखादं कारण निघतं.

३. हेडफोनच्या जागी प्रत्येक बाजूला ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. आकडा फारसा हलता कामा नये.

४. मग एखादा जुना, स्वस्तातला इअरफोन लावा. स्विच चालू-बंद करताना तो काढलेला असू द्या, कारण त्या क्षणी ‘ठप्प’ असा आवाज येतो.

ऐकायला तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग निवडा. झंकार विरत जातो तेव्हा मागची सरसर किंवा घुमणं लपत नाही. सरसर कानाला जाणवत असेल, तर आधी गेन तपासा. घुमणं ऐकू आलं आणि बोर्डजवळ हात नेल्यावर ते बदललं, तर प्रश्न शील्डिंगचा आहे.

पुढच्या भागात तोच विषय घेऊ. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हे सर्किट बसवणं, डबा ग्राउंडला कुठे जोडायचा, व्हॉल्यूमच्या पॉटची खरखर कशी टाळायची आणि फोन चार्जरला लावला की घुमणं का सुरू होतं. तोवर १ आणि ७ नंबरच्या पायांवरचे आकडे वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. पावसाळा संपला की पुन्हा मोजून दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे आहेत.